सराई गल्लीची दारे उघडणाऱ्या मोठ्या बाई

मोठ्या बाई आमच्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या वडलांना वाटले, झंपर शिवायला आल्या आहेत. वडील शिंपी. बायकांची मापे मी घेत असे, म्हणून त्यांनी मला आतून हाक मारली. मी टेप घेऊन बाहेर आले, तर समोर पन्नाशीच्या, उंच, सावळ्या बाई उभ्या. अंगावर साधे इरकली लुगडे आणि पायात पुरुषी वहाणा. त्यांनी माझ्या हातातल्या टेपेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "झंपर नको मला. मास्तरीण पाहिजे. या मोहल्ल्यात मराठी सातवी झालेली मुलगी आहे असं कळलं."

वडील हसले. "ती हीच हाय की. बार्शीला मामाकडं शिकली. पर बाई, हिला शिलाईबिगर काय येतंय?"

"वाचायला येतं ना? मग बाकीचं मी बघते. उद्या साडेदहाला पाठवा."

माझे काय म्हणणे आहे, ते दोघांपैकी कोणीही विचारले नाही. त्याचा राग मला तेव्हाही आला नाही आणि आजही येत नाही. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी शाळेत गेले.

सन्माननीय शिवकांताबाई हालगे, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने निघणाऱ्या ग्रंथासाठी मी शाळेच्या प्रगतीविषयी लिहावे, असे संपादक मंडळींनी कळवले आहे. त्या विषयावर लिहिणारे अधिकारी लोक पुष्कळ आहेत. मी बाईंच्या हाताखाली पाच वर्षे काम केले. त्या काळात बाईंनी जितके लक्ष शाळेकडे दिले तितकेच, कधी कधी त्याहून जास्त, शाळेपर्यंत येणाऱ्या वाटेकडे दिले. मला ती वाट माहीत आहे, म्हणून तिच्याविषयी लिहिते. लग्न झाल्यापासून मी हैदराबादेत असते. राज्यांची नवी वाटणी झाली आणि परभणी एका राज्यात गेली, मी दुसऱ्या राज्यात राहिले. इथे शेजारपाजार चांगला आहे, पण दिवसचे दिवस मराठी शब्द कानावर पडत नाही. लिहायला बसले की सराई गल्ली डोळ्यांपुढे येते आणि हात थांबतो. लेख वाकडातिकडा झाला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सराई गल्ली ही परभणीतला मोंढा, म्हणजे घाऊक बाजार, आणि स्टेशनचा रस्ता यांना जोडणारी लांबट गल्ली. सकाळी कापसाच्या गाड्या, दुपारी हमाल, संध्याकाळी जिनफॅक्टरीवरून सुटलेले मजूर, असा तिथून सतत राबता. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर या गल्लीतली काही घरे बंद झाली. माणसे हैदराबादला गेली, कोणी त्याहून लांब गेली. जाताना त्यांनी दारांना कुलपे लावली आणि शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगितले. पहिल्या वर्षी कुलपे टिकली. दुसऱ्या वर्षी कुलूप जागेवर, पण खिडकी नाही, असे दिसू लागले. मग कड्याकोयंडे गेले, मग सागवानी चौकटी गेल्या. एका घराचा तर लाकडी जिना गेला. अख्खा जिना भरदुपारी कोणी कसा नेला, हे कोणालाच सांगता येईना. जी घरे राहती होती, त्यांनी दिवसासुद्धा आतून कड्या लावायला सुरुवात केली होती. ओट्यावरची घागर गेली, दोरीवरचे लुगडे गेले, की बायका आतल्या आत हळहळत आणि आणखी एक कडी लावत. रस्त्यावर राबता होता, पण त्याच्याकडे बघणारे कोणी नव्हते.

अशा गल्लीत सरकारने मुलींची मराठी शाळा काढली, आणि तिच्या मुख्याध्यापिका म्हणून बाईंना पाठवले. बाई मूळच्या जिंतूरच्या, वीरशैव व्यापारी घरातल्या. लहानपणीच विधवा झाल्या आणि मामांनी त्यांना सोलापूरला नेऊन शिकवले. तिकडे चांगली वीस-बावीस वर्षांची नोकरी होती. आपल्या जिल्ह्यात मराठी शाळा निघायला लागल्या आहेत आणि शिकवायला बायका नाहीत, हे कळताच ती सोडून त्या परत आल्या. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय त्या पाणी पीत नसत, आणि पूजा झाल्यावर चहा मिळाला नाही तर कोणाशी बोलत नसत. रागीट होत्या. कौतुक करणे त्यांना जमत नसे. एखाद्या मुलीचे अक्षर फार सुंदर आले, तर त्या पाटी उचलून दुसऱ्या मुलीला दाखवत आणि म्हणत, "हे बघ, असं जमतं." शाळेत त्या शुद्ध बोलत. संतापल्या की जिंतूरची बोली तोंडात येई, आणि मग आम्ही गप्प बसत असू.

शाळा सुरू होऊन तिसरे वर्ष चालू होते. कमल नावाची चौथीतली मुलगी दुपारच्या सुट्टीत जेवायला घरी निघाली आणि थोड्याच वेळात रडत परत आली. उजव्या कानातून रक्त वाहत होते. कोणीतरी मागून येऊन तिचा डूल ओढून नेला होता आणि कानाची पाळी खालपर्यंत फाटली होती. बाईंनी तिला मांडीवर घेतले, हळद दाबून धरली आणि मला सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना आणायला पळवले. मी परत आले तेव्हा बाईंचे लुगडे रक्ताने भरले होते आणि त्या कमलला बे एकं बे म्हणायला लावत होत्या. टाके घालताना पोर फारशी ओरडली नाही. पाढ्यातच गुंतली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत मोजून सहा मुली आल्या. तिसऱ्या दिवशी तीन. आयाबाया दाराच्या फटीतूनच सांगत, "पोरीचा कान तुटण्यापरीस तिला अडाणी ऱ्हाऊ द्या, बाई."  बाई वाद घालत नसत. नुसत्या विचारत, "उद्या पाठवाल का?" आणि पुढच्या घरी जात.

मोहल्ल्याने चोर लगेच ठरवला होता. जिनफॅक्टरीच्या मागच्या पडीक जमिनीवर पारध्यांची चार पालं होती. त्यांतला गंगाराम जिनवर गाठी उचलायचा आणि त्याची बायको शेवंता गल्लीत सुया, पोत आणि काळे मणी विकत फिरायची. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा कायदा नुकताच रद्द झाला होता. रोज चौकीवर हजेरी द्यायची सक्ती कागदावरून गेली होती. पण शिपायांच्या आणि मोहल्ल्याच्या मनातून ती गेली नव्हती. गंगारामला त्याच संध्याकाळी उचलून नेले. डूल ओढला गेला त्या वेळी तो जिनवर कामावर होता, असे त्याच्या बरोबरच्या हमालांनी सांगितले. ते कोणी लिहून घेतले नाही.

बाई मला म्हणाल्या, "चल, चौकीवर जायचं."

आमच्याकडच्या बायका चौकीसमोरून जायच्या तर पदर पुढे ओढून भराभर जायच्या. मी बाईंच्या मागे मागे चालत होते. अमीनसाहेब, म्हणजे चौकीचे फौजदार, जुन्या राजवटीतले, अदबीने वागणारे गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "बाईसाहेब, आप फिक्र मत कीजिए. माणूस सापडला आहे. आणि तुमच्या मोहल्ल्यात गुन्हे लय कमी झालेत. हे रजिस्टर बघा, मागल्या साली किती फिर्यादी होत्या आणि औंदा किती."

बाईंनी रजिस्टर पाहिले नाही. "साहेब, उद्या दुपारी शाळेत याल का? दहा मिनिटं."

ते आले, हे त्यांचे मोठेपण. तोवर बाईंनी आणि मी घरोघर जाऊन, मुलींना हाताला धरून आणून, एक वर्ग कसाबसा भरवला होता. बाईंनी मुलींना विचारले, "या वर्षात कुणाच्या घरचं काही चोरीला गेलं? भांडं, कपडा, कोंबडी, काहीही. हात वर करा." मुलींनी एकमेकींकडे पाहिले, आणि एकेक करत जवळजवळ सगळे हात वर झाले. माझाही झाला. आमच्या दुकानातली कात्री गेली होती. मग बाईंनी विचारले, "आता कुणाच्या वडलांनी चौकीवर जाऊन सांगितलं?" सगळे हात खाली आले. फक्त मागच्या रांगेतल्या एकीचा वर राहिला, आणि तीही म्हणाली, "सांगायला गेलते, पर बसवून ठेवलं, मंग माघारी आले."

बाई अमीनसाहेबांकडे वळल्या. "चोऱ्या कमी नाही झाल्या, साहेब. तुमच्याकडं येणारी माणसं कमी झाली."

अमीनसाहेबांनी टोपी काढून घाम पुसला.  त्या दिवसापासून त्यांनी गंगारामला होणारी मारहाण थांबवली, असे शेवंताने नंतर सांगितले. सोडले मात्र नाही.

मग बाईंनी जे केले ते मला आजही तसेच दिसते. त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन एकच मागणे मागितले. शाळा भरताना, दुपारच्या सुट्टीत आणि शाळा सुटताना, असे तीन वेळा प्रत्येक घराने पुढचे दार सताड उघडे ठेवायचे, आणि घरातल्या एका बाईने ओट्यावर येऊन बसायचे. काम कोणतेही करा. धान्य निवडा, वाती वळा, वाकळ शिवा. फक्त तोंड रस्त्याकडे ठेवा.

बायका हसल्या. कोणी म्हणाली, "सासरे ओरडतील." कोणी म्हणाली, "चोरच आत शिरंल की." माझ्या आईनेसुद्धा नाक मुरडले.

सगळ्यात आधी हो म्हणाल्या त्या हलीमाबी. हलीमाबी विधवा होत्या. दोन्ही मुलगे हैदराबादला निघून गेले होते. त्या मात्र नवऱ्याची कबर इथे आहे म्हणून राहिल्या होत्या. पोलीस कारवाईच्या दिवसांपासून त्यांचे पुढचे दार उघडलेले मी पाहिले नव्हते. सौदासामान त्या मागच्या बोळातून आणवत. बाई त्या मागच्या दारानेच त्यांच्याकडे गेल्या. मी बरोबर होते. बाईंचे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मोठ्या बाई, मैं बैठूंगी तो तुमारी पोरींचे मां-बाप राजी होंगे?"

बाई म्हणाल्या, "ते मला माहीत नाही. पण तुमचं दार उघडं दिसलं, तर बाकीच्यांना कडी लावायची लाज वाटंल."

दार इतकी वर्षे बंद होते की फुगून बसले होते. बाईंनी आणि मी बाहेरून ढकलले, हलीमाबींनी आतून ओढले. ते उघडले तेव्हा हलीमाबी उंबऱ्यावर थबकल्या. समोरून एक गाडीवान चालला होता, त्याने सहज मान हलवली. हलीमाबींनी ओढणी डोळ्यांना लावली. मग बाई त्यांच्या ओट्यावर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "सूप आणा, मला गहू निवडायचेत." त्या आठवड्यात बाई रोज दुपारी त्यांच्याशेजारी बसल्या. महिना संपता संपता गल्लीत जवळजवळ प्रत्येक ओट्यावर कोणीतरी दिसू लागले. माझी आई शेवटी शेवटी आली, पण आली.

बाईंची चूक झालेली मी पाहिली नाही असे नाही. एकदा माझी आई ओट्यावर बसल्या बसल्या डुलकी घेताना त्यांना दिसली. त्या तिला भर गल्लीत बोलल्या. आईला दोन दिवसांपासून ताप होता. मी ते सांगितल्यावरही बाईंनी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहते तो आमच्या ओट्यावर बाई स्वतः बसून काज-बटणे करत होत्या. टाके इतके वेडेवाकडे होते की वडलांनी ते मागून उसवले. आई मात्र ती गोष्ट आजही सांगते.

कमल परत शाळेत आली तेव्हा खाली मान घालून बसायची. बाई रोज तिला जवळ बोलावून कान पाहत, केस विंचरून देत. एके दिवशी केस विंचरता विंचरता कमल हळूच म्हणाली, "बाई, त्यो गंगाराम न्हवता."

बाईंचा हात थांबला नाही. "मग कोण होता?"

"मला ठाव हाय. पर घरी म्हनले, नाव घ्यायचं न्हाई. घेतलं तर बाबांचं काम जाईल."

मी तिथेच मुलींच्या वह्या तपासत होते. बाईंनी मला बाहेर पाठवले. कमलने काय नाव सांगितले ते मला कळले नाही, आणि बाईंनी ते मला आजतागायत सांगितलेले नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मला घेऊन मोहल्ल्यातल्या एका प्रतिष्ठित घरी गेल्या. कमलचे वडील त्याच घरच्या दुकानात कामाला होते. बाईंनी मला ओट्यावर बसवले आणि त्या आत गेल्या. घरात पुरुष नसतील अशी वेळ त्यांनी निवडली होती. आतून काही ऐकू आले नाही. अर्ध्या तासाने दार उघडले. त्या घरची मालकीण बाईंना दारापर्यंत सोडायला आली होती. तिने तोंडावर पदर घेतला होता आणि तिचे खांदे हलत होते. बाईंची मूठ बंद होती. रस्त्याला लागल्यावर त्यांनी ती उघडली. तळव्यावर डूल होता.

"काय म्हणालात तुम्ही त्यांना?" मी विचारले.

"म्हणाले, मी तुमच्या लेकाला शिक्षा मागायला आले नाही. पोरीचा डूल आणि एका माणसाची सुटका मागायला आले. तुम्हीपण आई आहात."

त्या घरचे यजमान दुसऱ्या दिवशी स्वतः चौकीवर गेले. तिथे त्यांनी काय सांगितले ते मला माहीत नाही. गंगाराम सुटला. त्या घरचा मुलगा नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी गेला आणि परत आला नाही. कोणाचेही नाव कुठेही लिहिले गेले नाही.

मला हे पटले नव्हते. मी तेव्हा विशीत होते आणि मला सगळे सरळ हवे होते. शाळा सुटल्यावर मी बाईंना विचारले, "पण मग न्याय कुठं झाला, बाई? गंगारामला तर सगळ्यांनी चोर म्हटलं."

बाई खडू गोळा करत होत्या. त्यांनी डबा बंद केला. "न्हाई झाला, राधे. नाव सांगितलं असतं तर कमलच्या बापाचं काम गेलं असतं आणि ती पोर शाळेतून गेली असती. माझ्या हाताला येवढंच लागलं. हे बरोबर केलं का, असं मला रोज वाटतंय." आणि त्यांच्या तोंडी जिंतूरची बोली आली होती, तरी त्या रागावलेल्या नव्हत्या.

त्या रविवारी आम्ही पालांवर गेलो. गंगाराम खाटेवर पडून होता. त्याच्या पायाला सूज होती. शेवंता आम्हाला पाहून उभी राहिली. बाईंनी हात जोडले. "मी माफी मागायला आले."

शेवंता गोंधळली. "तुमी कामून माफी मागायलाव, बाई? तुमी काय केलं?"

"मोहल्ल्यानं केलं. मी त्याच मोहल्ल्यात राहते."

शेवंताने नवऱ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "आमाला सवय हाय. तुमी पयल्याच आलाव." शेवंताच्या मागे तिची आठ वर्षांची मुलगी सुंदी उभी होती. बाईंनी तिला नाव विचारले, मग शेवंताला विचारले, "हिला शाळेत पाठवता का?"

"लोक बसू देतील का?"

"मी बसवते."

सुंदी शाळेत आली. बाईंनी तिला कमलच्या शेजारी बसवले. दोघींना त्यांनी काहीच समजावून सांगितले नाही. एका पालकाने तक्रार केली. बाई त्यांना म्हणाल्या, "तुमच्या मुलीला घेऊन जायचं असेल तर आत्ताच न्या. ही इथंच बसणार." त्यांनी मुलगी नेली नाही. दोन-अडीच महिन्यांत सुंदी अक्षरे जोडून वाचू लागली. तिचा आवाज मोठा होता. ती वाचायला लागली की हलीमाबी समोरच्या ओट्यावरून म्हणायच्या, "माशाल्ला, काय पढतीय पोरगी!" शाळा सुटली की सुंदी आणि कमल हलीमाबींच्या ओट्यावर बसून चिंचोके खेळत.

त्या दोन-अडीच महिन्यांची मला फार आठवण येते. संध्याकाळी गल्लीतून चालत जावे, तर दोन्ही बाजूंनी आवाज येत. "राधे, आज लवकर?" "अगं, आईला सांग, जातं मोकळं हाय." बंद घरांच्या राहिलेल्या चौकटी जागेवर होत्या. मुली हात हलवत, दप्तरे आपटत, एकेकट्या घरी जात. आज इथे माझी लहान मुलगी शाळेत जाते तेव्हा मी तिला सोडायला जाते, आणायला जाते. रस्ता चांगला आहे, शहर मोठे आहे. पण दोन्ही बाजूंची दारे बंद असतात, आणि त्यांच्या आत कोण राहते ते मला ठाऊक नाही.

एका सकाळी सुंदी आली नाही. दुपारी मी आणि बाई पालांवर गेलो तर तिथे चुलीच्या काळ्या दगडांशिवाय काही नव्हते. जिनच्या पहारेकऱ्याने सांगितले की मानवतला कुठेतरी चोरी झाली होती, आणि शिपाई पुन्हा गंगारामला विचारायला आले होते. ते येऊन गेले आणि पहाटे सगळेच निघून गेले. कुठे, ते कोणाला माहीत नव्हते. पूर्णेकडे, रुळाच्या कडेने, एवढेच एकाने सांगितले.

बाई शाळेत परत आल्या आणि त्यांनी हजेरीपटात सुंदीच्या नावापुढे गैरहजर लिहिले. रोज लिहीत राहिल्या. वर्ष संपेपर्यंत नाव कमी केले नाही. वरिष्ठांनी तपासणीत विचारले तेव्हा म्हणाल्या, "मुलगी परगावी गेली आहे."

अमीनसाहेबांची पुढे बदली झाली. जाताना ते बाईंना भेटायला शाळेत आले. "बाईसाहेब, आता तुमच्या गल्लीतले लोक छोट्या छोट्या गोष्टी सांगायला चौकीवर येतात," ते म्हणाले. "मेरा रजिस्टर मोटा हो गया." बाईंनी त्यांना चहा दिला. अमीनसाहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "त्या पारध्याचं मला वाईट वाटतं." बाई म्हणाल्या, "मलाही." 

माझे लग्न ठरले तेव्हा मला सर्वांत जास्त भीती बाईंना सांगायची होती. मला वाटले, रागावतील, मास्तरणीच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरला होता तो सोडून चाललीस म्हणतील. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मुलगा कसा आहे? तुला बोलू देतो का?" मी हो म्हटले. "मग ट्रेनिंग तिकडं कर. मी पत्र लिहून देते." त्यांनी पत्र लिहिले, आणि मी आज ज्या शाळेत शिकवते ती नोकरी त्या पत्रामुळे मिळाली.

सासरी निघाले त्या दिवशी स्टेशनवर सगळी गल्ली आली होती. बाई फलाटावर मागेच उभ्या होत्या. गाडी सुटायला लागली तशा त्या पायरीवर चढल्या आणि आमच्या डब्यात येऊन बसल्या. माझे यजमान गडबडले. बाई म्हणाल्या, "तिकीट काढलंय मी. थोडं पुढं जाऊन उतरते." पूर्णा स्टेशन मागे पडले. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मी त्यांचा हात धरून बसले होते. चुडावा आले तेव्हा त्या उठल्या. एवढ्या लहान स्टेशनवर उतरून काय करणार, असे मी विचारले.

"गावाबाहेर काही पालं पडलीत असं कळलंय. विचारून येते."

गाडी हलली तेव्हा त्या फलाटावरून शेताकडच्या वाटेला लागल्या होत्या. त्यांनी वळून पाहिले नाही. पुढे पत्रांतून मला कळले की त्या मानवतला जाऊन आल्या, जिंतूरला एसटीने गेल्या, ऊसतोडीच्या टोळ्यांमध्ये विचारले, बाजारांच्या दिवशी सुया विकणाऱ्या बायकांना विचारले. सुंदी सापडली नाही. गेल्या पत्रात बाईंनी लिहिले आहे, "आता ती पंधरा-सोळा वर्षांची असेल. मला ओळखू येणार नाही. तिला मी ओळखू येईन, म्हणून मी बाजारात जाते." हे वाचून मी पत्र बाजूला ठेवले.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, एका डोळ्याला कमी दिसते. कमल सध्या त्याच शाळेत शिकवते, असे कळले. हलीमाबी गेल्या वर्षी वारल्या. ते मला बाईंनी चार ओळींत कळवले, आणि त्या चार ओळींत शाई दोनदा फुटलेली होती.

मोठ्या बाई, गौरवग्रंथात मान्यवर मंडळी तुम्हाला शंभर वर्षांचे आयुष्य चिंतणार आहेत. मी तुम्हाला ओळखते, म्हणून आकडा सांगत नाही. तुम्ही म्हणाल, एवढ्या वर्षांचं करू काय. मी एवढेच मागते की तुमचे गुडघे तुम्हाला बाजारापर्यंत नेऊन आणोत, दुसरा डोळा शाबूत राहो, आणि सकाळचा चहा तुम्हाला वेळेवर मिळो. राज्याची सीमा मधे आली आहे, संसार आहे, नोकरी आहे. पाच वर्षे मी "यंदा येते" असे लिहिते आणि येत नाही. त्याबद्दल तुम्ही एका शब्दाने कधी बोलला नाहीत, आणि तेच मला फार लागते.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी येते आहे. मुलीला घेऊन येते. तब्येत सांभाळा, बाई. मी येईपर्यंत तरी नक्की सांभाळा, आणि मी आल्यानंतरही.